डाव्या पेटीतली चौथी ओळ

१२ जानेवारी

मुबश्शीरच्या सांगण्यावरून ही वही सुरू केली. सेनगावला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉपमधलं गाणं घरच्या स्टिरिओवर लावलं की गोधडीखालून आल्यासारखं का येतं, हे विचारायला मी त्याला आठवड्यात तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "देविदासभाऊ, तुमी एका टायमाला चार चीजा बदलता. मंग आवाज कशानं सुधारला अन् कशानं बिघडला हे तुमाला बी कळत न्हाई अन् मला बी. एका वक्ताला एकच चीज बदला. काय बदललं, काय झालं, बराबर लिहून ठेवा."

खताच्या दुकानातून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी ती कोरी राहते. मी ट्रॅक्टरवाला, लोकांची रानं नांगरून देतो, माझ्या दिवसात लिहिण्यासारखं काय असणार? पण आता विषय मिळाला. आम्ही बंजारा, घरात आमची गोरमाटी बोलतो, शाळा मात्र मराठीत झाली, म्हणून लिहिताना हात मराठीतच चालतो. कोण काय बोललं तेही मराठीतच उतरवीन.

आधी मूळ गोष्ट. आमच्या लेकीचं, निलमचं, लग्न एप्रिलात आहे. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, त्याला आमच्यात ढावलो म्हणतात. माझी आई नानीबाई, आम्ही तिला याडी म्हणायचो, हिचा ढावलो आसपासच्या चार तांड्यांत नावाजलेला होता. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पण बावीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या, संगिताच्या, लग्नाआधी याडीने तिला तो शिकवला, तेव्हा मी दोघींच्या मधोमध टेप ठेवला होता. दोन्ही कोपऱ्यांना माइक असलेला, तेव्हा तांड्यात एकच. याडी डाव्या माइकाकडे बसली, संगिता उजव्या. मी बटण दाबून बाहेर गेलो, कारण बाप किंवा भाऊ समोर असताना पोरगी ढावलो शिकत नाही. ती कॅसेट मुबश्शीरने आता कॉम्प्युटरात उतरवून दिली आहे.

ढावलोच्या चार ओळी. पहिली आईसाठी, दुसरी भावासाठी, तिसरी मैत्रिणींसाठी. चौथी बापासाठी. तीन ओळी कशाबशा कळतात. चौथीला याडीचा सूर येतो, शब्द येत नाहीत. संगिताकडून तरी कळावी, तर ती चौथीला नुसती रडते. आमचा बाप तेव्हा हयात नव्हता.

मी निलमला विचारलं, तुला कळते का ती ओळ? म्हणाली, "कळते की." काय आहे सांग म्हटलं, तर हसली. "बापू, ती वळ बापाला लग्नाच्या आधी सांगत न्हाईत. त्याच दिवशी ऐका."

रीत खरी आहे. पण टेप ऐकायला कुठे मनाई आहे? आणि पोरीला कळते यावर माझा विश्वास नाही. माझं मन राखायला कळते म्हणाली असेल. उद्या तिने अर्धवट शब्द म्हटले तर याडीचा ढावलो याडीबरोबरच संपला. मला तो आवाज स्वच्छ करायचा आहे.

१३ जानेवारी

बदल: लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लावला.

परिणाम: मागे जो सतत घूं आवाज यायचा तो बंद. मी चार्जर परत लावला, घूं आला. काढला, गेला. असं सात-आठ वेळा केलं. मिराबाई, म्हणजे निलमची आई, आमच्या मालकीणबाई, चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांनाही करून दाखवलं. "बरं झालं, तुमाला खेळणं घावलं," म्हणाल्या.

मुबश्शीर म्हणतो, घरात अर्थिंग नीट नाही. महिनाभर मी त्या घूंला कॅसेटचा दोष समजत होतो.

१६ जानेवारी

बदल: आवाजाची बटणं. आजवर लॅपटॉपचा आवाज कमी आणि स्टिरिओचा भरपूर ठेवत होतो. आज उलट. लॅपटॉप जवळजवळ पूर्ण, स्टिरिओ कमी.

परिणाम: सूं सूं बरीच कमी झाली. कारण सोपं आहे. उगमालाच पाणी कमी सोडलं तर खाली मोटर कितीही ओढा, गाळच वर येतो. दिवसभर आडेंच्या रानात नांगर चालवताना हेच डोक्यात घोळत होतं. नांगराची दोन तासं वाकडी गेली.

१९ जानेवारी

बदल: लॅपटॉपच्या आत आवाज 'सुधारणारी' एक सोय आपोआप चालू होती, ती बंद केली.

परिणाम: याडी पूर्वी विहिरीतून बोलायची, आता घरात बोलते. न विचारता मदत करणारी माणसं आणि यंत्रं दोन्ही सारखीच.

२४ जानेवारी

बदल: स्टिरिओच्या दोन्ही पेट्या, म्हणजे स्पीकर, भिंतीच्या कोपऱ्यांतून काढून स्टुलांवर ठेवल्या, कानाच्या उंचीला. खुर्ची मधोमध, दोन्ही पेट्यांपासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर.

परिणाम: चांगला फरक. ढब ढब गेली. संगिताच्या बांगड्या किणकिणतात त्या आज बावीस वर्षांनी ऐकल्या. हिरव्या होत्या. उजवीकडून अगदी हाताशी आल्यासारख्या वाजल्या. डावीकडून याडी मात्र अजून दाराआडूनच.

निलम दारात उभी होती. म्हणाली, "बापू, ती घुंगरं काढा की. सारखी खुळखुळ करून राहिली."

डाव्या पेटीमागे खुंटीला बापाच्या शेवटच्या बैलजोडीची घुंगरमाळ टांगलेली आहे. म्हणे पेटीचा आवाज वाढला की ती थरथरते. मला काही ऐकू आली नाही, पण मी ढावलोत गुंतलो होतो. माळ काढून ट्रंकेत ठेवली. पाहू, याडी त्यामुळेच दबली असेल.

२५ जानेवारी

त्यामुळे नव्हती.

२ फेब्रुवारी

बदल: मुबश्शीरने काड्यापेटीएवढी एक डबी दिली. ती लॅपटॉपच्या पेन ड्राइव्हच्या खाचेत लावायची आणि स्टिरिओची वायर तिच्यातून घ्यायची. लॅपटॉपच्या आत सतरा गोष्टी चालू असतात, त्यांची कुजबुज गाण्यात मिसळते. ही डबी बाहेर बसून काम करते, म्हणून तिला निवांतपणा. आमचा स्टिरिओ जुना, मागे पाच खुंट्यांची गोल पिन, ती एकाच तऱ्हेने बसते. तिची वायर मुबश्शीरने स्वतः टाका मारून करून दिली.

परिणाम: निलमला हाक मारून ऐकवलं. तीन ओळींपर्यंतच, चौथीच्या आधी तिनेच बटण दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादी वळ सुरू करायच्या आधी श्वास घेते बापू, तो बी ऐकू येऊन राहिला."

ती गेल्यावर मी पुन्हा लावलं. श्वास मला सापडला नाही. लेकरू हळवं झालं आहे, आजीचा श्वासही ऐकू येतो त्याला.

९ फेब्रुवारी

आता माझी खात्री झाली की दोष डाव्या बाजूला आहे. उजवी बाजू काचेसारखी, डावी गढूळ.

बदल: वायरी जागच्या जागी ठेवून फक्त पेट्यांची अदलाबदल केली. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. डावी पेटी बिघडली असेल तर आता उजवीकडचा आवाज बसायला हवा.

परिणाम: उजवीकडची संगिता तशीच टणटणीत. डावीकडची याडी तशीच गढूळ. म्हणजे पेटी निर्दोष. अशी विचारपूस करत एकेकाला निर्दोष सोडायला मजा येते. पोलिसांना हे काम का आवडतं ते कळलं.

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. तांड्यावर भोग, दुपारी मिरवणूक. संगिताचा पुण्याहून फोन आला. डाव्या हाताने कानाला लावला, उजव्यात प्रसादाचा द्रोण होता. रेंज इतकी खराब की तिचं काही समजेना. द्रोण खाली ठेवून फोन उजव्या कानाला लावला, तेवढ्यात रेंज आली.

तिला म्हटलं, चौथी ओळ आठवते का? म्हणाली, "आठवते. पर तुला न्हाई सांगनार. तुझी पोरगी म्हणंल." बायकांनी एकी केली आहे.

२२ फेब्रुवारी

बदल: डाव्या बाजूचा आवाज दुप्पट केला, उजवीचा निम्मा.

परिणाम: आता कुठे याडी आणि संगिता सारख्या ऐकू यायला लागल्या. समाधानाने डोळे मिटून बसलो तर मिराबाई कान दाबत आत आल्या.

"हे काय लावलंय? माय गाऊन राहिली का कुणाला हाणून राहिली?"

"आता कुठं बराबर झालंय."

"कुठं बराबर? एकीकडून कर्णा अन् एकीकडून चूप. शेजारची म्हैस दावं तोडून राहिली."

मी म्हटलं, पेटीत दोष आहे, वायरीत दोष आहे, शोधून राहिलो. तर म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि गेल्या. त्या जाताना आणखी काही बोलल्या असाव्यात, कारण दारात थांबून माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली.

निलम हल्ली स्टिरिओ ऐकायला येत नाही. मोबाइलमध्ये घेतलंय म्हणते आणि कानांत बोंडं घालून घरामागे जाते. मला वाईट वाटलं. मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय ना? आज धुणं वाळत घालताना ती ढावलोची चाल गुणगुणत होती. मला पाहून थांबली.

३ मार्च

हे लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

आज हट्ट्याकडच्या एका ओळखीच्या माणसाचं, गोपीचंदचं, रान होतं. हरभरा निघाला, आता रोटाव्हेटर. बांधाशी ट्रॅक्टर मागे घेत होतो. मी नेहमीप्रमाणे उजव्या खांद्यावरून मागे बघत होतो. गोपीचंद डावीकडून एक धोंडा उचलायला वाकला होता. तो ओरडला म्हणे. एकदा नाही, चार वेळा. शेवटी त्याने हाताला लागलेलं ढेकूळ माझ्या पाठीत मारलं तेव्हा मी ब्रेक दाबला. त्याचा पाय आणि फिरणारी पाती यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

तो पांढराफटक पडला होता. "देविदास, आवाज दिला, ऐकू आला न्हाई का?"

मी म्हटलं, इंजिनाचा आवाज केवढा आहे. तो म्हणाला, बांधावरच्या त्याच्या बायकोला ऐकू आला.

संध्याकाळी स्टिरिओ लावला नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. डोक्यात त्या ढावलोचंच चालू असतं, म्हणून लक्ष नव्हतं. उद्यापासून ट्रॅक्टरवर गाण्याचा विचार बंद.

१२ मार्च

स्टिरिओ उचलून मुबश्शीरच्या दुकानात नेला. त्याने झाकण उघडून ब्रशने धूळ काढली, दोन्ही बाजूंना मीटर लावला, मग हेडफोन कानाला लावून स्वतः ऐकलं. 

"दोनो बाजू बराबर हायेत," म्हणाला. "काटा बी सांगतो, कान बी सांगतो."

"मंग डावी गढूळ काहून?"

तो उठला, माझ्या भोवती फिरून मागच्या फळीपर्यंत गेला आणि परत आला. मग पुन्हा उठला, पुन्हा गेला. दोनदा. काय शोधत होता कोण जाणे, हात रिकामेच होते. मग समोर बसून माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही न्हाई. चाय घेता का विचारलं व्हतं."

"घेतो की."

चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, खोलीचा दोष असू शकतो. एका बाजूला ज्वारीची पोती असतील, दुसरीकडे कोरी भिंत, तर आवाज सारखा येत नाही. आमच्या डाव्या भिंतीला खरंच पोती आहेत! हे मला आधी कसं सुचलं नाही?

१३ मार्च

बदल: पोती हलवली. चौदा. एकट्याने.

परिणाम: कंबर धरली. डावी तशीच.

१६ मार्च

होळी होऊन गेली. तांड्यावर लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, रंगली, मी फार बसलो नाही. गर्दीत हल्ली सगळे एकदम बोलतात आणि कोणाचंच धड कळत नाही.

बदल: आज अख्खी मांडणीच उलटी केली. पेट्या समोरच्या भिंतीकडे नेल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून ठेवली. आधी खिडकी डावीकडे होती, आता उजवीकडे आली. खोली दोषी असेल तर आता उजवी बाजू गढूळ व्हायला हवी.

परिणाम: डावीच. पुन्हा डावीच.

पेटी नाही, स्टिरिओ नाही, पोती नाहीत, भिंत नाही. मिराबाई म्हणाल्या, दिशा बदलली तरी डावीच म्हणता, मग बाहेरची बाधा असेल, लिंबू उतरवू का? हसून म्हणाल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि गुन्हा तर झालेला आहे. इतकं चक्रावल्यासारखं मला कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मजाही येते आहे.

१९ मार्च, दुपारी

मुबश्शीरला फोन करून सगळं वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देविदासभाऊ, वहीत बघा. एक चीज तुमी अजून बदलली न्हाई."

"कोणती?"

"खुर्ची. पेट्या, वायरी, काही हलवू नका. खुर्ची उलटी फिरवा अन् पेट्यांकडं पाठ करून बसा. मंग सांगा."

मी म्हटलं, पाठ करून कोण गाणं ऐकतं? तो म्हणाला, "एक बार बसा तर."

घरी कोणी नाही. मायलेकी सेनगावला बाजाराला गेल्यात. आता करतो आणि लिहितो.

१९ मार्च, नंतर

केलं.

उजवीकडून याडी आली.

डावी पेटी आता माझ्या उजव्या हाताला होती. याडी तिच्यातून इतकी जवळ आली की मी उठून उभा राहिलो. ओळ सुरू करण्याआधी ती श्वास घेते. पोरगी खरं बोलली होती. मधे 'हं' म्हणून संगिताला थोपवते. पदर सारखा करते तेव्हा हातातली पाटली टेपाला लागते. हे सगळं त्यात पहिल्या दिवसापासून होतं. आणि संगिता, जी दोन महिने काचेसारखी वाजत होती, ती डावीकडे जाऊन दाराआड गेली. बांगड्या गेल्या.

मी खुर्ची पुन्हा सरळ केली. याडी गेली, संगिता आली. उलटी केली. संगिता गेली, याडी आली. चार्जरसारखं सात-आठ वेळा केलं नाही. तीनदाच केलं.

मग चौथी ओळ ऐकली. मराठीत तिचा अर्थ असा: बैलाच्या गळ्यातली घुंगरं काढू नको बापू, मी कुठवर गेले ते तुला ऐकू येत राहू दे.

२० मार्च

रात्रभर गोपीचंदचा पाय दिसत होता.

लक्ष नव्हतं वगैरे काही नाही. मला ऐकू आलं नव्हतं. फोनची रेंज, होळीची गर्दी, मुबश्शीरचा चहा, सगळं एकेक करून समोर आलं. मी घरभर बिघाड शोधत होतो आणि तो मी रोज डोक्याला लावून फिरत होतो. काखेत कळसा म्हणतात ते हेच. मला भीती वाटते. कानाची तर वाटतेच, पण ट्रॅक्टर गेला तर मी करणार काय? आणि त्याहून जवळची भीती एप्रिलातली. मंडपात दोनशे माणसं, बँड, गाड्या. आमच्यात गळ्यात पडताना नवरी डाव्या खांद्यावर डोकं ठेवते. निलम ती ओळ माझ्या नेमक्या त्या कानात म्हणेल आणि मी मान डोलावत उभा राहीन.

२७ मार्च

घरी सांगितलं, पार्ट आणायला नांदेडला जातो. गेलो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचेच्या खोलीत बसवून कानांवर टोप्या घातल्या आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. उजव्याला दाबत राहिलो. डाव्याला वाटलं, अजून सुरूच केलं नाही.

बाईंनी विचारलं, काम काय करता? ट्रॅक्टर म्हटल्यावर त्यांनी खुर्चीतच नक्कल केली. हात स्टीअरिंगवर, मान उजवीकडून मागे. "असंच बघता ना नांगराकडे?" हो म्हटलं. "मग डावा कान कुठे येतो?"

पुढे. इंजिनासमोर. तेवीस वर्षं.

मान वळवायची ही पद्धत मला कोणी शिकवली नव्हती, सगळेच असे बघतात. बाई म्हणाल्या, बारीक, उंच आवाज आधी जातात. पाखरं, बांगड्या, घुंगरं. शब्दांच्या कडा. जाडा आवाज राहतो, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतं. गेलेलं परत येणार नाही. मशीन लावलं तर मदत होईल, ते कानाचा साचा घेऊन मे महिन्यात मिळेल. राहिलेलं सांभाळायचं असेल तर ट्रॅक्टरवर कानांना झाकणं आणि मागे घेताना खाली एक माणूस, डोळ्यांसमोर, हाताने खुणा करणारा. हे दोन्ही मी तिथल्या तिथे कबूल केलं.

त्यांना वही दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली. म्हणाल्या, "एवढी पद्धतशीर तपासणी माझ्याकडे येण्याआधी कोणी केली नव्हती." मला त्याही स्थितीत बरं वाटलं.

६ एप्रिल

दहा दिवस पोटात ठेवलं. आज मिराबाईंना सांगितलं. त्या हरभरा निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाये," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तीन साल झाले आसतीन."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"बोलले की. लई बार बोलले. डावीकडून बोलले आसंन."

दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला एकदम लाज वाटली. तीन वर्षं ही बाई माझ्या डाव्या बाजूला बोलत होती आणि मी मान डोलावत होतो. गोपीचंदचंही सांगितलं. तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. मग त्या उठून माझ्या उजवीकडे येऊन बसल्या आणि तिथे निवडायला लागल्या.

निलमला सांगू नको म्हटलं. लग्नाच्या तोंडावर पोरीला घोर नको.

२३ एप्रिल

उद्या लग्न. मांडव घातला, संगिता आली. स्टिरिओच्या पेट्या जशाच्या तशा आहेत, खुर्ची उलटी. संगिताला बसवून याडीचा आवाज ऐकवला. तिने दोन्ही कानांनी ऐकला. चौथी ओळ आल्यावर ती टेपमधल्यासारखीच रडली. मी ऐकलेलं आहे हे तिला सांगितलं नाही.

ट्रंकेतून घुंगरमाळ काढली. चिंच लावून घासली. एक घुंगरू मुकं झालं आहे, बाकी चांगली आहेत. उजव्या कानाशी धरून हलवली, मग डाव्या. उजव्याशी पुन्हा.

२५ एप्रिल

काल झालं सगळं. आज घर रिकामं आहे आणि मला वही दिसली.

सकाळी लवकर उठून नवरदेवाच्या जीपच्या पुढच्या जाळीला घुंगरमाळ बांधली. त्याच्याबरोबर आलेली कळमनुरीकडची वऱ्हाडी पोरं हसली. "मामा, हिला बैल जुपायचे का?" मी म्हटलं, राहू द्या, आमच्याकडची रीत आहे. अशी काही रीत नाही.

निघायच्या वेळी निलमने ढावलो उचलला. पहिल्याच ओळीला म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या. नानीबाईचाच आहे, कोणीतरी म्हणालं. ती आईच्या गळ्यात पडली, चुलतभावांच्या, मैत्रिणींच्या. सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर. मी तोवर जागा शोधत होतो. असं उभं राहावं की तसं, मान कशी वळवावी म्हणजे तिला कळणार नाही. बँडवाले थांबले नव्हते. 

ती समोर आली, डाव्या बाजूने जवळ आली, आणि थांबली. मग डोळे न पुसताच माझ्या पुढून वळसा घालून उजवीकडे आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मिराबाई शपथ घेऊन म्हणतात, त्यांनीही नाही.

तिने माझ्या उजव्या खांद्यावर डोकं ठेवलं. आधी श्वास घेतला. मग चौथी ओळ म्हटली, एक अक्षर न गाळता, अगदी याडीसारखी मधे थांबून. म्हणतानाच तिची नजर जीपच्या जाळीकडे गेली असावी, कारण शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फुटला आणि तिने मला घट्ट धरलं. मी रडलो. बापाने रडू नये म्हणतात, पण मी रडलो.

जीप निघाली. लोक मागे वळले, भांड्याकुंड्यांचा गोंधळ सुरू झाला. मी रस्त्याकडे उजवा कान करून उभा राहिलो. लिंबापाशी घुंगरं ऐकू आली. नाल्यावरच्या पुलावर ऐकू आली. साखऱ्याच्या फाट्याला जीप दिसेनाशी झाली तरी थोडा वेळ घुंगरं ऐकू येत होती, मग वारा फिरला.

मिराबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, "कुठवर गेली?"

मी म्हटलं, "फाट्यापर्यंत."